कन्येबरोबर नेमबाजीचा एक दिवस

आपल्या भाषेत 'नेम' हा शब्द दोन घरी नांदतो. देवघरात तो नित्यनेम होऊन बसतो आणि मैदानावर लक्ष्यावर रोखलेली दृष्टी होतो. 'शिस्त' ह्या शब्दाचीही थोडीफार तीच कथा आहे. फारसीतून आलेला हा शब्द जुन्या मराठीत बंदुकीच्या नेमासाठी वापरीत. शिस्त धरणे म्हणजे नेम धरणे. पुढे तो शाळेत व घरात शिरला आणि मुलांस धाक घालण्याच्या कामी आला. आपण आईबाप मंडळी हे दोन्ही शब्द आयुष्यभर मुलांच्या कानी घालीत असतो. परंतु मुलगी मोठी झाली, मिळवती झाली, म्हणजे त्यांचा उच्चार करावयाचा अधिकार कोणाकडे जातो, ह्याचा विचार सहसा होत नाही. गेल्या हिवाळ्यातील एका रविवारी माझ्या सत्तावीस वर्षांच्या मुलीने मला अंधेरीस नेमबाजीसाठी नेले, त्या दिवशी तो विचार मला करावा लागला.

आम्ही घाटकोपरास राहतो. तेथे पश्चिमेस एका वस्तीचे नावच 'रायफल रेंज' असे आहे. रिक्षावाल्यास एवढे दोन शब्द सांगितले की पुरेत. सांताक्रूझच्या पूर्वेस 'गोळीबार' नावाची वस्ती आहे. आज दोन्ही ठिकाणी घरांची अशी दाटी आहे की मुलांस चेंडू फेकावयासही मोकळी जागा मिळू नये. तथापि ही नावे मागे राहिली आहेत, आणि ह्या उपनगरांत एके काळी उघडी माळराने होती, तेथे बंदुकांचे आवाज होत, एवढे ती सांगून जातात. आजची उपनगरांतील नेमबाजी माळावरून उठून क्रीडासंकुलांच्या बंद दालनांत आली आहे. तिला फार जागा लागत नाही. दहा मीटर लांबीची खोली, पलीकडे भक्कम भिंत आणि अलीकडे शांत बसणारी माणसे, एवढ्यावर तिचे काम भागते.

ह्या रविवारची थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. मुलगी अभियांत्रिकी शिकली. अंधेरीच्याच एका कंपनीत पाच वर्षे चांगल्या वेतनावर होती. गेल्या दसऱ्यास तिने ती नोकरी सोडण्याचे ठरविले व एका शाळेत क्रीडाशिक्षिकेची जागा पत्करली. वेतन निम्म्याहून कमी. ह्यांना ती गोष्ट मुळीच रुचली नाही. घरात भांडण झाले असते तर एक वेळ बरे झाले असते; पण आमच्या घराण्यात भांडणाची रीत नाही, अबोल्याची आहे. तीन महिने जेवणाच्या पानावर पावसाच्या, भाजीच्या आणि गाडीच्या वेळापत्रकाच्या गोष्टी होत राहिल्या. मी दोघांच्या मध्ये. अशा वेळी ती एके दिवशी म्हणाली, "आई, तू कॉलेजात एन.सी.सी.त गोळ्या झाडल्या होत्यास ना? रविवारी माझ्याबरोबर चल." मला वाटले, वाटेत तिच्याशी नीट बोलता येईल. चार वाक्ये मी मनात जुळवूनही ठेविली होती.

कॉलेजातील माझी नेमबाजी म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरातील. पॉइंट टू टू रायफल, पालथे पडून पंचवीस यार्डांवर पाच गोळ्या, आणि त्या एकमेकींच्या किती जवळ पडल्या त्यावरून सुभेदारसाहेबांचा शेरा. त्याच सुमारास, म्हणजे १९८८ मध्ये, दादरच्या कीर्ती महाविद्यालयातील अंजली वेदपाठक नावाची एक छात्रसैनिक मुलगी वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर नेमबाजी शिकू लागली. विवाहानंतर अंजली भागवत ह्या नावाने तीच २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि २००२ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिली आली. आमच्या पिढीतील कित्येक मुलींनी ती रायफल एकदा हाती धरली आणि परीक्षा, नोकरी, लग्न ह्या ओघात खाली ठेविली. त्यात खेद करण्यासारखे विशेष काही नाही. परंतु खांद्यास दस्ता टेकल्याची आठवण अंगात कोठेतरी राहते एवढे खरे.

घाटकोपराहून अंधेरीस जावयाचे म्हणजे पूर्वी साकीनाक्याच्या कोंडीत तास-दीड तास जाई; २०१४ पासून मेट्रो सुरू झाली आणि तो प्रवास वीस-पंचवीस मिनिटांवर आला. म्हणजे माझी चार वाक्ये सांगावयास वेळ तसा थोडाच होता, आणि डब्यात उभ्यानेच जावे लागल्यामुळे तोही गेला.

सामान्य वाचकांस बंदूक म्हटली की दारू, धूर आणि धडाका आठवतो. दहा मीटरच्या ह्या हवाई रायफलीत त्यांपैकी काहीच नाही. नळीखालच्या नळकांड्यात हवा दाबून भरलेली असते. चाप ओढताच तिचा एक नेमका घुटका सुटतो आणि शिशाचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा पुढे ढकलला जातो. आवाज टाळी वाजविल्याएवढा. छर्रा मध्ये आवळलेला, डमरूच्या आकाराचा असतो. सध्याच्या नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलहून अधिक जोर नसलेल्या हवाई बंदुकीस परवाना लागत नाही. म्हणूनच शाळकरी मुलेही ती शिकू शकतात. लक्ष्याचा कागद तळहातावर मावेल एवढा. त्यावरील काळे वर्तुळ साधारण तीन सेंटिमीटरचे, आणि मधला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. खसखशीचा दाणा त्याहून मोठा भरेल. हा ठिपका दहा मीटरांवरून डोळ्यांस दिसत नाही. दिसते ते काळे वर्तुळ, आणि त्याच्या मध्याचा अदमास घेऊन न दिसणाऱ्या ठिपक्यावर छर्रा बसवावयाचा असतो. स्पर्धेत असे ६० छर्रे उभ्याने झाडावे लागतात. पूर्वी स्त्रियांस ४०च असत. २०१८ पासून पुरुषांइतकेच ६० झाले. कोणाच्या सांगण्यावरून स्त्रियांचे २० छर्रे इतकी वर्षे कमी धरले होते, देव जाणे.

तेथील तरुण शिक्षकांनी प्रथम मला नियम सांगितले. नळी नेहमी लक्ष्याकडे. रिकामी रायफलही भरलेलीच समजावयाची. नेम धरण्यापूर्वी बोट चापावर न्यावयाचे नाही. कोणी पुढे जाणार असेल तर सर्वांनी हत्यार खाली ठेवून मागे सरावयाचे. रायफल वापरात नसेल तेव्हा तिच्या नळीत एक रंगीत दोरी घालून ठेवतात, म्हणजे ती रिकामी असल्याचे दुरूनही कळते. हे नियम सांगताना त्यांनी "काकू" म्हणून हाक मारली खरी, पण स्वरात काकूंसाठी राखलेली सवलत नव्हती. ते मला आवडले.

त्यानंतर मुलीने मला हाती घेतले. उभ्याने रायफल धरावयाची म्हणजे चार-साडेचार किलोंचे ओझे हातावर पेलावयाचे, अशी माझी समजूत. ती तिने पहिल्या पाच मिनिटांत दूर केली. "आई, हाताने धरू नकोस. हाडांवर ठेव," ती म्हणाली. डावी कंबर थोडी पुढे काढावयाची, डावे कोपर बरगडीवरून कमरेच्या हाडावर टेकवावयाचे, आणि रायफलीचा भार त्या खांबावरून सरळ पायांत उतरू द्यावयाचा. स्नायू थकतात आणि थरथरतात. हाडे थकत नाहीत. जाड कॅनव्हासचे आखूड कोट आणि सपाट तळव्यांचे ताठ बूट नेमबाज घालतात ते ह्याचसाठी. तो कोट अंगात चढविताना मला नऊवारी नेसण्याची पहिली खटपट आठवली. चालताना तर आम्ही दोघी बदकांसारख्या दिसत असू.

मग डोळे. पुढच्या बाजूस नळीवर जी खूण असते तिला आपल्याकडे 'माशी' म्हणतात. स्पर्धेच्या रायफलीत ती एका लहान कड्याच्या रूपाने असते, आणि मागील बाजूस बारीक छिद्र. छिद्रातून पाहिले की कड्यात काळे वर्तुळ आणि भोवती सारखी पांढरी किनार दिसली पाहिजे. येथे एक विलक्षण गोष्ट आहे. दृष्टी लक्ष्यावर नव्हे, तर माशीवर स्थिर करावयाची असते. लक्ष्य किंचित अंधुकच दिसावे. जे गाठावयाचे ते अंधुक आणि जे हातात आहे ते स्पष्ट, हा क्रम माझ्या चाळिशीनंतरच्या चष्म्यास मुळीच मानवेना. तरुण डोळ्यांस हे अंतर सहज साधते. साठीकडे झुकलेल्यांस वेगळी काच लावून घ्यावी लागते. डावा डोळा मिटावयाचा नाही, त्याने चेहऱ्यावर ताण येतो. त्याच्यापुढे एक लहानशी पट्टी लावतात.

पहिले दोन छर्रे डावीकडे गेले. मी हात उजवीकडे वळवू लागले तेव्हा मुलीने थांबविले. "हात नको, पाय सरक." तिने मला डोळे मिटावयास सांगितले, एक श्वास घेऊन सोडावयास सांगितला, मग डोळे उघड म्हणाली. नळी वर्तुळाच्या डावीकडे होती. शरीर जेथे आपणहून विसावते तेथेच नेम असतो. हाताने जबरदस्तीने वळविला तर चाप ओढण्याच्या क्षणी शरीर आपल्या मूळ जागी परत जाते व छर्राही त्याच्याबरोबर जातो. म्हणून उजवे पाऊल बोटभर मागे घ्यावयाचे, पुन्हा डोळे मिटावयाचे, पुन्हा उघडावयाचे. मी तसे तीनदा केले. चौथ्या वेळी डोळे उघडले तो काळे वर्तुळ कड्याच्या मधोमध उभे. तो छर्रा आठावर गेला.

परंतु ह्या सर्वांहून अवघड गोष्ट निराळीच आहे, आणि ती न झाडण्याची आहे. श्वास अर्धा सोडून थांबल्यावर सहा-आठ सेकंद मिळतात. तेवढ्यात नेम स्थिरावला तर ठीक. न स्थिरावल्यास डोळ्यांस पाणी येते, हृदयाचे ठोके नळीच्या टोकावर दिसू लागतात, आणि मन म्हणते, आता इतका वेळ धरलीच आहे तर ओढून टाक. नवशिके येथे ओढून टाकतात. जाणता नेमबाज रायफल खाली घेतो, दोन श्वास घेतो आणि पुन्हा आरंभ करतो. मुलीच्या शेजारी उभी राहून मी पाहिले: तिने दहा छर्रे झाडले त्यात सहा वेळा रायफल खाली घेतली होती. एकदा तर सर्व काही जुळलेले मला दिसत होते. तरी तिने खाली घेतली. विचारले तेव्हा म्हणाली, "तुला जुळलेले दिसले, मला दिसले नाही."

हे शिकविणे किती कठीण असते हे नाशिकचे भीष्मराज बाम जाणत होते. पोलीस खात्यात उच्च पदावर राहिलेले हे गृहस्थ पुढे खेळाडूंचे मन घडविण्याच्या कामास लागले, योगाच्या अभ्यासाची त्यास जोड दिली, आणि महाराष्ट्रातील व बाहेरीलही अनेक नेमबाजांस त्यांचा उपयोग झाला. २०१७ मध्ये ते वारले. पूर्वी आपल्याकडे प्राणायाम सांगावयास भटजी लागे. आता नेमबाजीचा शिक्षक सांगतो, एवढाच फरक.

असो. ह्या खेळातील एक विशेष कौटुंबिक वाचकांस खचित आवडेल. वय येथे इतर खेळांसारखे आडवे येत नाही, म्हणून बाप-लेक किंवा आई-लेक एकत्र उभे राहिल्याची उदाहरणे ह्यात जितकी सापडतात तितकी अन्यत्र क्वचितच सापडतील. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या ज्या संघाने धावत्या हरणाच्या चित्रावर नेम धरून सुवर्णपदक मिळविले, त्यात साठ वर्षांचे ऑस्कर स्वान आणि त्यांचा अठ्ठावीस वर्षांचा पुत्र आल्फ्रेड असे दोघे होते. ऑस्कर एवढ्यावर थांबले नाहीत. १९२० साली अँटवर्प येथे बहात्तराव्या वर्षी त्यांनी रौप्यपदक घेतले, तेव्हाही मुलगा संघात होताच. जॉर्जियाच्या निनो सालुक्वाद्झे ह्यांची हकीकत तर तीन पिढ्यांची आहे. १९८८ मध्ये सोल येथे सुवर्णपदक मिळविणाऱ्या ह्या बाई २०१६ मध्ये रिओ येथे आपल्या मुलाबरोबर उतरल्या. आई आणि मुलगा एकाच ऑलिंपिकमध्ये खेळल्याची ती पहिलीच वेळ. त्यांचे शिक्षक त्यांचे वडील. टोकियोनंतर निवृत्त होण्याचे त्यांच्या मनात होते. वडिलांच्या इच्छेखातर त्या २०२४ मध्ये पॅरिसला गेल्या आणि ते त्यांचे दहावे ऑलिंपिक झाले.

मुंबईतही असे एक घर आहे. अशोक पंडित ह्यांनी १९९० साली ऑकलंडच्या राष्ट्रकुल स्पर्धेत पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. त्यांचे चिरंजीव रोनक ह्यांनी २००६ मध्ये मेलबर्न येथे समरेश जंग ह्यांच्या जोडीने मिळविले. आणि रोनक ह्यांच्या पत्नी हीना सिद्धू, ज्या शिक्षणाने दंतवैद्य आहेत, त्यांनी २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथे मिळविले. सासरे, मुलगा आणि सून ह्या तिघांची पदके एका कपाटात मावावयाची म्हणजे कपाट मोठेच हवे. पतीच पत्नीचा शिक्षक हा प्रकार आपल्या घरांत टिकणे कठीण. तो तेथे टिकला, ह्याचे मला पदकांहून अधिक कौतुक वाटते.

दुपारी आम्ही संकुलाबाहेर चहा घेतला. त्याआधी मुलीने साबणाने हात स्वच्छ धुवावयास लावले. छर्रे शिशाचे, आणि शिसे पोटात जाणे बरे नव्हे. लहानपणी शाळेतून आल्यावर मी तिला जेथे उभी करून हात धुवावयास लावीत असे, ती मोरी क्षणभर डोळ्यांपुढे आली. चहा घेताना माझी ती चार वाक्ये पुन्हा ओठांशी आली. परंतु सकाळपासून तीन तास मी तिच्या आज्ञेत उभी होते आणि तिने एकदाही आवाज चढविला नव्हता, एकदाही "असे कसे गं तुला जमत नाही" म्हटले नव्हते. मी गप्प राहिले. मग तीच बोलली. कंपनीत तिचे वाईट काही चालले नव्हते. दोन वर्षे ती रोज सकाळी स्वतःस सांगत होती की आणखी थोडे धरून पाहू, बसेल. "नाही बसले तर खाली घ्यावी, आई. मी तेवढेच केले." बाबांस हे सांगितलेस काय, असे मी विचारले. म्हणाली, त्यांना वाटते मी खेळ खेळते आहे.

त्यांचे वाटणे अगदीच अस्थानी नाही, हेही लिहिले पाहिजे. ज्या घरातून एकुलती एक मुलगी निम्म्या पगारावर जाते त्या घराच्या कर्त्या पुरुषाने हिशेब मांडू नये, असे कोण म्हणेल? आणि हा खेळही स्वस्त नव्हे. क्लबातील रायफलीवर शिकता येते, परंतु स्पर्धेची स्वतःची रायफल घ्यावयाची तर लाखांचा आकडा लागतो. कोट, बूट, छर्रे वेगळे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे ह्यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पेढे वाटले; पण वडील शिक्षक असलेल्या त्या घराने, आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी करणाऱ्या त्या तरुणाने, त्याआधी किती वर्षे पदकावाचून काढली, ती वर्षे पेढ्यांबरोबर कोणी मोजली नाहीत. त्यांच्या शिक्षिका दीपाली देशपांडे ह्या मुंबईच्याच, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्वतः खेळलेल्या. क्रीडाशिक्षिकेच्या नोकरीस जे हसतात त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. मी तर घरी गेल्यावर मुद्दाम दोनदा उच्चारले.

आमच्यासारख्या घरांत आणखी एक आक्षेप निघतो, तो हत्याराचा. शेजारच्या आजींनी मला विचारलेच, "अगो, मुलीच्या हाती बंदूक?" तो आक्षेप मला फारसा पटत नाही. ज्या दालनात मी सहा तास होते तेथे इतक्या सावधपणे, इतक्या हळू आवाजात आणि एकमेकांची एवढी जाणीव ठेवून वागणारी तरुण मुले मी अलीकडे लग्नघरातही पाहिलेली नाहीत. क्रिकेटच्या मैदानावर आईबाप कुंपणाशी उभे राहून ओरडतात. येथे नेमबाजास मागून सूचना देण्यास स्पर्धेत मनाई आहे. मागे बसलेल्या आईस पुढच्या मुलीची फक्त पाठ दिसते. त्या पाठीकडे पाहत सव्वा तास गप्प बसणे हे ज्या आईस साधले, तिचीही काही साधना झाली म्हणावयाची.

दुपारनंतर आम्ही दोघींनी शेजारशेजारच्या जागांवर दहा दहा छर्रे झाडले. शंभरांपैकी माझे एकसष्ट झाले, तिचे सत्त्याण्णव. माझ्या नवव्या छर्ऱ्याच्या वेळी हात फार वेळ वर राहिला, वर्तुळ कड्यातून निसटू लागले, आणि मी रायफल खाली घेतली. शेजारून काही शब्द आला नाही. ती आपल्याच नेमात होती. पुन्हा उचलली तेव्हा तो छर्रा नवावर बसला.

घरी आल्यावर मी ते दोन्ही कागद जेवणाच्या मेजावर ठेविले. ह्यांनी चष्मा लावून प्रथम माझा पाहिला, मग तिचा दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिला, आणि विचारले, "हे मधले भोक एकच आहे की दोन?" ती म्हणाली, "तीन, बाबा. एकमेकांवर बसली आहेत." ते काही बोलले नाहीत, परंतु टाचणीचे टोक लावून ती तीन भोके त्यांनी मोजून घेतली. शाळेत तिला जूनमध्ये रुजू व्हावयाचे आहे. तेथे मुलींसाठी दोन हवाई रायफली घ्याव्यात असा अर्ज तिने आधीच केला आहे. त्याचा मसुदा ह्यांनी परवा वाचून दोन ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारून दिले. मंजुरी अद्याप आलेली नाही.